कोकणातले जुने घर आणि त्याचे आवार

देशावरून पहिल्यांदाच कोकणात उतरलेला माणूस गाव शोधत राहतो आणि गाव काही त्याला सापडत नाही. एसटी जिथे सोडते तिथे एखादे दुकान, एक पार आणि चार घरे असतात. बाकीचे गाव डोंगराच्या उतारावर, वहाळाच्या पलीकडे, खाडीच्या कडेने वाड्यावाड्यांत विखुरलेले असते. देशावरचा शेतकरी परंपरेने गावठाणात, भिंतीला भिंत लावून राहिला आणि सकाळी उठून शिवारात गेला. कोकणातल्या शेतकऱ्याचे घर मात्र बहुधा स्वतःच्या आवारात, स्वतःच्या झाडांमध्ये उभे राहिले. त्यामुळे इथले जुने घर समजून घ्यायचे तर दारातून आत शिरण्याची घाई करून चालत नाही. आधी गडग्याबाहेर थांबून आवार पाहावे लागते, कारण घर म्हणजे त्या आवाराचा छप्पर घातलेला भाग, एवढेच त्याचे मूळ स्वरूप आहे.

गडगा म्हणजे चुना-मातीशिवाय नुसते दगड एकमेकांवर रचून केलेले कुंपण. त्यात एके ठिकाणी आडव्या वाशांचे बेडे असते. माणसाने वासे सरकवून आत जायचे आणि गुरांनी बाहेर राहायचे. आत आल्यावर जमिनीचा उतार पाहावा. जुनी घरे सहसा डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या किंचित वर बसवलेली आढळतात. सपाट जमीन कोकणात थोडी, आणि जी आहे ती भातासाठी राखलेली. तिच्यावर घर बांधणे म्हणजे ताटातला भात बाजूला सारून तिथे पाट मांडण्यासारखे होते. घराच्या वरच्या अंगाला वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, तिथून गवत, सरपण आणि झाडांची छाटलेली कवळे खाली येत. घराशेजारच्या गोठ्यात त्या गवताचे शेण होई, आणि पावसाळ्यापूर्वी शेण, कवळ, पालापाचोळा थर देऊन तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपे करायच्या, जागेवर जाळले जाई. याला भाजावळ म्हणतात. भाजलेल्या त्या मातीत भाताचे बी पेरायचे आणि रोपे झाली की ती खालच्या खाचरांत लावायची. डोंगरावरून निघालेली वस्तू गोठ्यातून भातापर्यंत उताराने आपोआप पोचावी, इतका विचार घराची जागा ठरवतानाच झालेला असे. गोठा घराला इतका चिकटून का, असा प्रश्न शहरातून आलेले पाहुणे नाक दाबून विचारतात. त्याचे उत्तर त्या उतारात आहे.

घरासमोरचे अंगण म्हणजे खळे. पावसाळा सरला की ते खणून, पाणी मारून, चोपून, शेणाने सारवून पुन्हा तयार करायचे, कारण भाताची झोडणी आणि मळणी तिथेच व्हायची. मधोमध रोवलेल्या खांबाला तिवडा म्हणतात. बैल त्याच्याभोवती फिरत. एका कडेला भाताच्या भाऱ्यांची उडवी रचलेली असे. समुद्राकाठच्या बागायतीत याच जागेवर दिवाळीनंतर मांडव पडतो आणि त्याच्या सावलीत बसून सुपारीची कामे होतात. मागच्या बाजूला परसू, विहीर आणि आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग. विहिरीवर रहाट, रहाटाच्या लोट्यांतून दगडी डोणीत पाणी, आणि तिथून चिरलेल्या पोफळीच्या पन्हळीने झाडांच्या आळ्यांत. न्हाणीघराचे पाणीसुद्धा वाया जात नसे. ते केळी आणि अळवाकडे वळवलेले असे. कोकणातल्या जुन्या घरामागचे अळू इतके तजेलदार का असते, याचे हे काहीसे अवघड वाटणारे स्पष्टीकरण आहे.

आता छपराकडे यावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत कोसळतो. तो सरळही पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपी झड येते. भिंती मातीत बांधलेल्या असतील तर अशी झड दोन पावसाळ्यांत त्यांची माती धुऊन काढील. म्हणून पुष्कळ घरे चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरत्या छपराची बांधली गेली. दुपाखी घराला दोन बाजूंना त्रिकोणी उघडी भिंत राहते, ती इथे धोक्याची. चौपाखी छपराची वळचण चारही बाजूंनी इतकी खाली आणतात, की उंच माणसाला वाकूनच पडवीत शिरावे लागते. पडवी ही मूळ भिंतीला पावसापासून दूर ठेवणारी पोकळी आहे. बसण्या-उठण्याचा तिचा उपयोग नंतरचा. आगोट, म्हणजे पावसाळ्याची चाहूल, आली की पडवीच्या उघड्या अंगाला नारळाच्या झावळांचे विणलेले झाप बांधतात, आत सरपण, जू, नांगर आणि पूर्वी पावसात डोक्यावर घ्यायची पानांची इरली ठेवत, आणि पुढचे ४ महिने घर आपले डोळे मिटून घेते.

या घरांची भिंत जांभ्याची. मूळ खडकावर लाखो वर्षे उष्ण हवामानात पाऊस पडत राहिला, त्यातली सिलिका विरघळून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली. तांबडा रंग त्या लोहाचा. या दगडाची गंमत अशी, की खाणीत असताना तो मऊ असतो, हत्याराने घावाघावाने कापता येतो, आणि उघड्या हवेत आल्यावर टणक होत जातो. फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मलबारात लोक असा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून त्याचे ‘लॅटराइट’ असे नामकरण केले. आपल्याकडे कापलेल्या जांभ्याच्या ठोकळ्याला चिरा म्हणतात. घराचे वय ओळखण्याची एक सोपी खूण या चिऱ्यावरच असते. हाताने काढलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरपे, असमान घाव दिसतात. यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर फिरत्या पात्याच्या कमानदार रेषा दिसतात. एकाच भिंतीत दोन्ही प्रकारचे चिरे सापडले, तर ती भिंत मागाहून दुरुस्त झाली आहे असे समजावे. किनाऱ्याजवळच्या घरांत चिऱ्यांचे सांधे शिंपले भाजून केलेल्या चुन्याने भरलेले असतात. आतल्या भागात मातीच वापरली जाई, आणि म्हणूनच तिथे छपराची काळजी अधिक.

भिंत कितीही जाड असली, तरी अनेक जुन्या घरांत छपराचा भार मुख्यतः लाकडी सांगाडाच पेलतो. खांबांवर तुळया, सर्वांत वर आढे, आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौले. दारे-खांबांना फणस, तुळयांना ऐन किंवा किंजळ, ऐपत असेल तर साग, रिपांना चिरलेली पोफळ. म्हणजे बरेचसे घर आवारातच वाढलेले असे. सांधे खिळ्यांऐवजी कुसू आणि भोक अशा पद्धतीने बसवलेले आणि लाकडी खुंटीने आवळलेले. या सांगाड्याचे माप फुटांत कोणी सांगत नसे, ते खणांत सांगत. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, ढोबळपणे ५ ते ६ फुटांची. ‘आमचे घर पाच खणी’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याला घराचा आवाका कळे आणि घराण्याचाही.

कुटुंब वाढले की घर पाडून नवे बांधत नसत, ते पसरत जाई. पडवीला भिंत घालून तिची खोली करायची, आणि तिच्याबाहेर छपराचा उतार आणखी लांबवून नवी पडवी काढायची. आमच्या आजोळच्या घरात माजघर आणि शेजारची अंधारी खोली यांच्यामधल्या भिंतीला एक गजांची खिडकी आहे. दोन खोल्यांच्या मध्ये खिडकी कशाला, हे कोडे लहानपणी आम्हा मुलांना पडत असे. आम्ही तिचा उपयोग चिंचा चोरून पुढे पोचवण्यासाठी करीत असू. पुढे कळले, की एके काळी ती भिंत घराची बाहेरची भिंत होती आणि त्या खिडकीतून परसू दिसत असे. अंधारी खोली ही तेव्हाची पडवी. जुन्या घरात अशी वेड्यासारखी वाटणारी खिडकी, कुठेच न जाणारी पायरी किंवा लिंपून बुजवलेले दार दिसले, तर तिथे थांबावे. घराची जुनी हद्द तिथे असते.

आतल्या खोल्यांची ओळ साधारण ठरलेली. खळ्यातून पडवी, पडवीतून पायरी चढून ओटी, ओटीमागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, देवघर, कोठीची आणि बाळंतिणीची खोली, आणि शेवटी मागली पडवी. ही ओळ माणसांना चाळण्यासाठीही होती, हे सांगायचे टाळू नये. ओटीवर झोपाळा असे आणि आलेल्या-गेलेल्यांची उठबस तिथे होई. पण कोण ओटीवर बसणार, कोण पडवीत थांबणार आणि कोणाला खळ्याच्या कडेलाच उभे राहावे लागणार, हे जातीने ठरत होते. प्रत्येक पायरीबरोबर आत जाणाऱ्यांची संख्या कमी होत जाई. मागल्या पडवीत पाळीच्या दिवसांत बायकांना बसवण्याचा कोपरा असे, आणि घरातली सर्वांत कमी उजेडाची, सर्वांत धुराची जागा दिवसभर बायकांच्या वाट्याला येई. या घरांचे कौतुक करताना आपण नेहमी झोपाळ्यावर बसून करतो. चुलीपुढे बसून केले, तर त्यातले काही शब्द बदलतील.

जमीन मातीची. ‘जमीन करणे’ हा कोकणातला एक स्वतंत्र उद्योग आहे. जुनी जमीन उकरायची, चाळलेली माती पसरायची, पाणी शिंपडून ती मुरू द्यायची आणि मग चोपण्याने, म्हणजे दांड्याच्या सपाट लाकडी फळीने, ओळीने चोपत जायचे. दोघी-तिघी जणी गुडघे टेकून मागे मागे सरकत चोपतात. एका जागी जास्त ओल राहिली तर तिथे पुढे भेग पडते, म्हणून हाताच्या तळव्याने चाचपत ओल जोखतात. चोपून झाल्यावर शेणाचे सारवण, आणि ते सुकल्यावर त्यावरून अनवाणी चालताना जो गारवा लागतो, तो लादीला येत नाही. अर्थात दर काही दिवसांनी सारवायचे कोणी, हा प्रश्न पुन्हा चुलीपुढच्याच माणसाकडे जातो.

त्या चुलीचे काम स्वयंपाकापुरते नव्हते. जुन्या स्वयंपाकघराला धुराडे नसे. धूर वर माळ्यावर जाई, वाशांमधून हिंडे आणि कौलांच्या फटींतून सावकाश बाहेर पडे. पावसाळ्यात लाकूड ओलावते, ओल्या लाकडाला वाळवी आणि भुंगा लागतो. रोजच्या धुराने ते कोरडे राही आणि त्यावर काजळीचा थर चढून किडीला आळा बसे. माळ्यावर आणि आढ्याखाली बियाणे, सुकवलेले जिन्नस, सुंभात बांधलेली तवशी आणि भोपळे टांगलेले असत. त्यांनाही त्याच उबेचा आधार. छपराची निगा राखण्याचे निम्मे काम अशा रीतीने भाताच्या पेजेबरोबर होऊन जाई आणि कोणाच्या ते ध्यानातही येत नसे.

घराच्या रचनेत गावाच्या जमिनीचा इतिहासही उतरलेला आहे. रत्नागिरी आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या भागांत खोती पद्धत होती. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोताची, आणि त्या बदल्यात कुळांकडून पिकाचा वाटा घेण्याचा अधिकारही त्याचा. जमिनीच्या प्रतीप्रमाणे निम्मा वाटा घेतला तर अर्धेल, तिसरा हिस्सा घेतला तर तिर्धेल. शिवाय वेठ निराळी. ब्रिटिश सरकारने १८८० च्या खोती कायद्याने या नात्याला लेखी चौकट दिली, पण कुळाचे ओझे त्याने उतरले नाही. म्हणून खोताच्या घरात कोठीची खोली त्याच्या स्वतःच्या शेताच्या मानाने फार मोठी दिसते: तिथे साऱ्या गावाचे भात येऊन पडत होते. त्याच गावात कुळाचे घर दोन-तीन खणांचे, कारवीच्या किंवा कामट्यांच्या कुडाचे, गवताने शाकारलेले असे. पैसा नव्हता हे तर खरेच. पण ज्या जमिनीवरच्या हक्काची खात्री नाही तिच्यावर चिऱ्याचे जोते कोण घालील?

ही व्यवस्था हलली ती संघर्षाने. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीन कसणेच बंद केले आणि तो संप सुमारे ६ वर्षे चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा कायद्यात उतरले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. त्याच्या आगेमागे १९४८ चा कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचा मालक मानले गेले. खोताच्या कोठीत आता फाटक्या गाद्या आणि लग्नातली भांडी आली, आणि कुळाच्या वाडीत एकेका घराचे जोते चिऱ्याचे होऊ लागले.

त्या जोत्यांना पैसा पुरवला मुंबईने. कोकणातली तरुण पिढी गिरण्यांत, गोदीत, घरकामात गेली आणि मनीऑर्डर गावी येऊ लागली. त्या पैशाची सर्वांत ठळक खूण छपरावर दिसते: गवत किंवा कुंभाराची नळीची कौले जाऊन त्या जागी मंगलोरी कौले आली. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यामागोमाग तिथे इतर कारखाने उभे राहिले आणि ही कौले पश्चिम किनाऱ्यावर दूरदूर पोचली. मंगलोरी कौलाला मागे आकडे असतात, ते रिपेला अडकतात, आणि प्रत्येक कौलाची खाच शेजारच्या कौलात बसते. त्यामुळे कौले कमी लागतात आणि वाऱ्याने सहज सरकत नाहीत. कौल उलटून पाहिले तर पोटाशी कारखान्याचा शिक्का वाचता येतो. घराचे वय मात्र त्यावरून ठरवू नये. कौल हे घराच्या अंगावरचे कापड आहे, ते बदलत आलेले असते. गंमत म्हणजे कौले आली तरी मे महिन्यात ती उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावण्याला लोक अजून ‘घर शाकारणे’ असेच म्हणतात. गवत गेले, शब्द राहिला. कौलांचा खरा वैरी पाऊस नसून वानर आहे, हे मात्र कोणत्याही कोकणी घरमालकाला विचारावे; उत्तर लांबलचक मिळेल.

इथपर्यंत घर वाढत आले. ते खचते कशाने, हेही त्याच्या रचनेतच पाहता येते. भाऊ वेगळे झाले की पहिल्यांदा चूल वेगळी होते. म्हणून एका घरातल्या चुलींची संख्या मोजली, की वाटण्यांचा अंदाज येतो. माजघरात कुडाची आडभिंत पडते, देवघर मात्र सामायिक राहते आणि गणपतीला सगळे तिथेच जमतात. जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे पिढीगणिक वाढत जातात. पणजोबाच्या एका नावाखाली आज तीस-चाळीस नावे दिसणे ही काही अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. अशा घराचे आढे बदलायचे तर खर्च कोणी करायचा आणि उद्या हिस्सा कोणी मागायचा, या विचारात एक पावसाळा जातो, मग दुसरा. सरकलेल्या एका कौलातून पाणी वाशावर, वाशावरून भिंतीच्या माथ्यावर उतरते. माथ्यावरची माती वाहून गेली की चिरे सुटू लागतात. जोते शेकडो वर्षे टिकणारे, आणि घर मात्र वरून खाली पडत येते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा हे फार थोड्या तासांत घडले. श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या पट्ट्यात कौले उडाली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि आंबा-फणसाची जुनी झाडे घरांवर पडली. पावसाळा दारात होता, कौले लावणारे हात अपुरे होते, म्हणून अनेकांनी मिळेल तो पत्रा घातला. पत्र्याला वानर फोडू शकत नाही आणि दरवर्षी शाकारावे लागत नाही, त्यामुळे त्याला नावे ठेवणे सोपे नाही. मात्र पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आणि धूर आत कोंडतो, म्हणून चूलही बाहेर पडवीत जाते.

आमच्या आजोळचे घर आता गणपती आणि मे महिना सोडला तर बंदच असते. छपरावर अजून मंगलोरी कौलेच आहेत. किल्ली शेजारच्या काकींकडे आहे आणि पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी त्या मागच्या दाराने आत जाऊन चूल पेटवतात, वर नारळाची ओली सोडणे, म्हणजे वरची साले, टाकतात आणि धूर माळ्यावर चढेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहतात. चुलीवर भांडे काहीच नसते. बाहेरून पाहणाऱ्याला कौलांतून निघणारा धूर दिसतो आणि तो विचारतो, ‘कोण आलंय काय गो मुंबईचं?’ काकी सांगतात, ‘कोणी नाही. वाशांना धूर देत्येय.’